शाळेचे संकेतस्थळ : पानाची मांडणी आपल्या हाती

(नाशिक जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या तालुका संमेलनात एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर मी आपणांशी बोलणार आहे, तो प्रथमदर्शनी आपल्या नित्याच्या विषयांपैकी वाटत नाही. संगणकाची आज्ञावली न लिहिता, केवळ प्लगिनच्या साहाय्याने शाळेच्या संकेतस्थळाची मांडणी आपल्या गरजेप्रमाणे कशी करावी, हा तो विषय होय. ह्याचा खेड्यातील दोनशिक्षकी शाळेशी काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात उभा राहील, आणि तो योग्यच आहे. म्हणून साधनाविषयी बोलण्यापूर्वी गरजेविषयी बोलतो.

पेठ व सुरगाणा तालुक्यांतील भाताची आणि नागलीची कापणी आटोपली, की तेथील कित्येक कुटुंबे दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीसाठी उतरतात. काही जण मुलांना आजी-आजोबांपाशी ठेवतात, काही सोबत नेतात. शाळेच्या दारावरचा सूचनाफलक त्या पालकाच्या दृष्टीस तीन-चार महिने पडत नाही. त्याच्या खिशात मात्र एक मोबाइल असतो. वार्षिक परीक्षा कधी, पहिलीच्या प्रवेशास कोणती कागदपत्रे लागतात, मुलगा बागेजवळच्या शाळेत बसवावयाचा तर कोणाशी बोलावे, एवढे त्याला जागच्या जागी कळले, तर एका मुलाचे वर्ष वाचू शकते. संकेतस्थळाचा उपयोग असेल तर तो येथे आहे. शाळेचे कौतुक चार लोकांनी पाहावे, हा त्याचा दुय्यम उपयोग होय.

आपल्या जिल्ह्यातील आणि राज्यातील पुष्कळ शिक्षकांनी स्वतःच्या हौसेने व स्वतःच्या पैशाने शैक्षणिक संकेतस्थळे चालविली आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकाच्या छापील पानास क्यूआर संकेताची जोड दिली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला, हे आपण जाणता. तंत्रज्ञान हे शहराचेच असते, ही समजूत ग्रामीण प्राथमिक शिक्षकाने केव्हाच खोटी ठरविली आहे. आता प्रश्न आहे तो साधन मिळविण्याचा नव्हे, तर ते नेटके मांडण्याचा.

मांडणी ही विद्या आपल्याला नवीन नाही. फळ्यावर तारीख, विषय व पाठाचे नाव कोठे लिहावे, मधला भाग कशासाठी मोकळा ठेवावा, गृहपाठ कोणत्या कोपऱ्यात द्यावा, हे आपण अध्यापक विद्यालयात शिकलो. भित्तिपत्रक व हस्तलिखित ह्यांतही आपण हेच करीत आलो. जुन्या छापखान्यात जुळारी शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवी आणि ओळींचे पान बांधी. खिळा बदलला की अक्षर बदले, सारे पान नव्याने कोरावे लागत नसे. पंधराव्या शतकात जर्मनीतील गुटेनबर्गने युरोपात मुद्रणाला ह्याच सुट्या खिळ्यांचे बळ दिले. वर्डप्रेस नावाच्या आज्ञावलीत २०१८ च्या डिसेंबरमध्ये पान तयार करण्याची जी नवी रीत आली, तिला गुटेनबर्गचेच नाव देण्यात आले आहे. कारण तिच्यातही पान सुट्या ठोकळ्यांनी जुळवावयाचे असते. शीर्षक हा एक ठोकळा, परिच्छेद हा दुसरा, चित्र हा तिसरा, तक्ता हा चौथा. ठोकळा उचलावा, वरखाली सरकवावा, नको असल्यास काढावा. आज्ञावलीची एक ओळही लिहावी लागत नाही.

वर्डप्रेसचा आरंभ २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल ह्या दोघांनी केला. ती मुक्त परवान्याखाली दिलेली आहे. म्हणजे ती कोणीही विनामूल्य घ्यावी, वापरावी व सुधारावी. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात असे मोजणीत आढळते. तिच्या मांडणीच्या खोलीतील सूचना मराठीत करून घेता येतात, ही आपल्या दृष्टीने विशेष सोयीची गोष्ट होय.

आता तीन शब्द नीट वेगळे करून घेऊ, कारण त्यांची गल्लत झाली की पुढचा सारा गोंधळ होतो. थीम, ठोकळा व प्लगिन हे ते शब्द होत. थीम म्हणजे घराचा आराखडा व रंग : मथळा कोठे, अक्षर कोणते, पानाची रुंदी किती. ठोकळा म्हणजे घरातील सामान. आणि प्लगिन म्हणजे बाहेरून आणून बसविलेली जोड. जसे घर बांधून झाल्यावर आपण त्यात विजेचा पंखा बसवितो तसे. पंखा काढला तरी घर उभे राहते, पण पंख्याचा वारा जातो. वर्डप्रेसमध्ये प्लगिनची ही सोय २००४ सालापासून आहे आणि असे हजारो प्लगिन तिच्या अधिकृत भांडारात विनामूल्य मिळतात. ह्यांपैकी काही केवळ पानाच्या मांडणीसाठीच तयार केलेले आहेत. २०१६ साली आलेला एलिमेंटर हा त्यांतील बराच प्रचलित होय. पडद्यावर डाव्या बाजूस सामानाची यादी असते व उजव्या बाजूस प्रत्यक्ष पान दिसते. सामान ओढून पानावर ठेवावे. जे दिसते तेच वाचकास दिसेल.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वर्डप्रेसचे मूळचे ठोकळे आता इतके समर्थ झाले आहेत, की साध्या शाळेच्या पानास वेगळ्या मांडणी-प्लगिनची गरज पुष्कळदा लागतच नाही. २०२२ च्या जानेवारीतील आवृत्तीपासून मथळा व तळटीप हे भागदेखील, थीम त्या जातीची असल्यास, ठोकळ्यांनीच बदलता येतात. तेव्हा क्रम असा ठेवावा : प्रथम मूळच्या ठोकळ्यांनी काम भागते का ते पाहावे, जे भागत नाही तेवढ्यापुरताच प्लगिन घ्यावा. काही विनामूल्य सेवांमध्ये प्लगिन बसविण्याची मुभा नसते. तेथे तर हाच एक मार्ग असतो.

प्रत्यक्ष कामाकडे वळू. संगणक उघडण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या व तो उभा घडी करून मोबाइलच्या पडद्याएवढा अरुंद करा. आपला वाचक पान मोबाइलवर पाहणार आहे. म्हणून आराखडाही त्याच रुंदीचा हवा. त्या पट्टीवर वरून खाली क्रमाने पाच चौकोन काढा.

पहिला चौकोन : शाळेचे पूर्ण नाव, गाव, तालुका, अकरा अंकी यू-डायस क्रमांक आणि शाळेची वेळ.

दुसरा चौकोन : ह्या महिन्याची सूचना. एकच, मोठ्या अक्षरांत, तारखेसह.

तिसरा चौकोन : प्रवेश व दाखले. कोणती कागदपत्रे लागतात, कागद अपुरे असले तरी मूल शाळेत बसू शकते, आणि स्थलांतर करणाऱ्या पालकाने निघण्यापूर्वी काय करावे.

चौथा चौकोन : वर्गवार अभ्यास. पाठ्यपुस्तक मंडळाच्या ई-पुस्तकांचा व दीक्षा व्यासपीठाचा दुवा, आणि घरी करावयाच्या चार गोष्टी.

पाचवा चौकोन : संपर्क. शाळेचा क्रमांक व भेटीची वेळ.

स्नेहसंमेलन, सहल, वृक्षारोपण ह्यांची चित्रे ह्या पाचांच्या खाली किंवा वेगळ्या पानावर. अनेक शाळांच्या पानांवर मी उलटा क्रम पाहतो : वर हलणारी चित्रे, मग मान्यवरांची छायाचित्रे, मग स्वागतपर मजकूर, आणि प्रवेशाची माहिती कोठेच नाही. द्राक्षबागेत दुपारच्या सुटीत पान उघडणाऱ्या पालकाला आपण काय देऊ इच्छितो, हा प्रश्न ज्याने स्वतःला विचारला त्याच्याकडून हा क्रम होणार नाही.

कागद पक्का झाला म्हणजे तोच आराखडा ठोकळ्यांत उतरवावा. त्या वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) मजकूर हा मजकूर म्हणूनच टाइप करावा. सूचनेच्या कागदाचे छायाचित्र चिकटवू नये. चित्रातील अक्षरे शोधात सापडत नाहीत, मोबाइलवर बारीक दिसतात, आणि दृष्टिहीन पालकास वाचून दाखविणारे यंत्र ती सहसा नीट वाचू शकत नाही. टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या कार्यालयीन फॉन्टमधील मजकूर तसाच उचलून टाकला, तर वाचकास इंग्रजी अक्षरांचे कडबोळे दिसते.

(२) शीर्षकांची पायरी मोडू नये. पानाचे नाव पहिल्या पातळीचे, विभागाचे दुसऱ्या, उपविभागाचे तिसऱ्या. केवळ अक्षर मोठे दिसावे म्हणून शीर्षकाचा ठोकळा वापरणे म्हणजे पाठाच्या मध्येच धड्याचे नाव लिहिण्यासारखे आहे.

(३) दोन-तीन स्तंभांची मांडणी संगणकावर सुरेख दिसते. मोबाइलवर ते स्तंभ बहुधा एकाखाली एक येतात. म्हणून डावीकडील स्तंभात जे ठेवाल ते प्रथम दिसेल, हे जाणूनच ठेवावे. पूर्वदृश्याची कळ दाबून संगणक, टॅब्लेट व मोबाइल अशा तिन्ही रूपांत पान पाहिल्याशिवाय ते प्रकाशित करू नये.

(४) चित्रांचे वजन कमी करावे. मोबाइलने काढलेले छायाचित्र सहज चार मेगाबाइटचे असते. अशी दहा चित्रे टाकली की पान चाळीस मेगाबाइटचे झाले. तीच चित्रे आकाराने लहान करून प्रत्येकी दीडशे किलोबाइटची केली, तर सारे मिळून दीड मेगाबाइट होतात. डोंगरावर जाऊन नेटवर्क शोधणाऱ्या माणसासाठी हा फरक पान उघडण्याचा आणि न उघडण्याचा आहे. प्रत्येक चित्रास एका ओळीचे वर्णन लिहिण्याची जागा असते. ती रिकामी सोडू नये.

(५) रंग दोनच. पांढऱ्या भूमीवर काळे अक्षर हे उन्हातही वाचता येते. पिवळ्यावर पांढरे अक्षर वर्गातल्या फळ्यावर आपण कधी लिहिले नसते.

(६) ध्वनीचा ठोकळा वापरावा. सूचनेखाली तीच सूचना शिक्षकाने किंवा गावातील एखाद्या भगिनीने कोकणा बोलीत, बागलाणात अहिराणीत, वाचून ध्वनिमुद्रित करावी. ज्या पालकाला अक्षरओळख नाही त्यालाही शाळा कळली पाहिजे. मला विचाराल, तर ह्या साऱ्या मांडणीत अधिक मोलाचा ठोकळा दुसरा नाही.

ह्यानंतरही एखादी गोष्ट हवी वाटली, उदाहरणार्थ महिन्याची दिनदर्शिका किंवा पालकांसाठी प्रश्नांचा अर्ज, तर प्लगिन घ्यावा. तो निवडताना आपण जसे शाळेसाठी एखादी वस्तू खरेदी करताना चौकशी करतो तशीच करावी. भांडारात त्याच्या पानावर लिहिलेले असते, की तो शेवटचा केव्हा सुधारला गेला, किती संकेतस्थळांवर चालू आहे, आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासला आहे. वर्ष-दोन वर्षे ज्याला कोणी हात लावलेला नाही असा प्लगिन बसवू नये. जुनाट कुलपातून चोर शिरतो. अनोळखी ठिकाणाहून 'फुकट' मिळणारी विकत्या प्लगिनची नक्कल तर कदापि घेऊ नये. एका वेळी एकच प्लगिन बसवावा, पान तपासावे, मग दुसऱ्याचा विचार करावा. म्हणजे बिघाड झाला तर तो कशाने झाला हे कळते. बसविण्यापूर्वी व सुधारण्यापूर्वी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढून ठेवावी.

मांडणीच्या प्लगिनबाबत आणखी एक कसोटी आहे, आणि ती मी आग्रहाने सांगतो. एक नमुना पान तयार करावे, मग तो प्लगिन बंद करून तेच पान पाहावे. मजकूर व चित्रे साध्या रूपात का होईना शिल्लक राहिली, तर प्लगिन विश्वासाचा. काही प्लगिन असे असतात की ते बंद करताच पानावर चौकटी कंसांतील संकेतांची रांग उरते व त्यातून आपला मजकूर वेचून काढावा लागतो. ज्याच्या जाण्याने आपली शिदोरीही जाते, त्याच्या हाती शिदोरी देऊ नये.

आता मुलांच्या छायाचित्रांविषयी. आपण हौसेने मुलाचा फोटो, त्याखाली पूर्ण नाव, इयत्ता, गाव असे सारे देतो. त्या पानाला कुंपण नसते. ते जगातील कोणीही पाहू शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ह्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून बालकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी शिक्षकाचा धर्म हेच सांगतो. म्हणून पालकांची लेखी संमती घ्यावी. समूहाचे चित्र द्यावे, चेहऱ्यापेक्षा काम दाखवावे : मुलांनी केलेली मातीची खेळणी, काढलेली चित्रे, शाळेची परसबाग. आधार क्रमांक, जन्मतारीख, जात, पालकांचे मोबाइल क्रमांक असलेली यादी कोणत्याही कारणाने पानावर चढवू नये. कोणास शिष्यवृत्ती मिळाली ह्याचा आनंद सांगावा. कोणाची फी माफ झाली हे सांगू नये.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हस्तांतरणाचा आहे. एका उत्साही शिक्षकाने शाळेचे उत्तम संकेतस्थळ उभे केले. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. प्रवेशशब्द त्यांच्याकडे, नोंदणी त्यांच्या खाजगी ईमेलवर, वार्षिक शुल्क त्यांच्या खिशातून. पुढे शुल्क भरले गेले नाही आणि पान बंद पडले. त्यातील मुलांच्या लेखनाची पाच-सहाशे पाने गेली. असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. दोष त्या शिक्षकाचा नव्हे. संकेतस्थळ ही शाळेची वस्तू आहे असे कोणी मानलेच नव्हते. जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत खुर्ची, घड्याळ, तराजू ह्यांची नोंद होते. संकेतस्थळाची का होऊ नये?

तेव्हा असे करावे. संकेतस्थळाची नोंदणी शाळेच्या ईमेलवर करावी. वर्डप्रेसमध्ये वापरणाऱ्यांचे वेगवेगळे दर्जे असतात. प्रशासकाचा दर्जा मुख्याध्यापकांकडे, संपादकाचा एका शिक्षकाकडे, लेखकाचा इतरांकडे द्यावा, आणि प्रत्येकाचा प्रवेशशब्द वेगळा ठेवावा. नावनोंदणीचे शुल्क केव्हा भरावयाचे ती तारीख, बसविलेल्या प्लगिनांची नावे व ते कशासाठी बसविले ह्याची एक ओळ, आणि प्रत कोठे ठेवली आहे, हे सारे एका वहीत लिहावे. प्रवेशशब्द मात्र त्या वहीत लिहू नये. प्रशासकाचा प्रवेशशब्द बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कुलपात ठेवावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ह्याची वर्षातून एकदा नोंद घ्यावी. बदली होताना कार्यभाराच्या यादीत संकेतस्थळाचा उल्लेख करून स्वाक्षरी घ्यावी, आणि नव्या व्यक्तीने त्याच दिवशी प्रवेशशब्द बदलावा.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, साहेब, माहिती भरण्याच्या कामांनी आम्ही आधीच वाकलो आहोत. त्यात हे आणखी एक. त्यांचे म्हणणे मी हलके मानीत नाही. शिक्षकाचा पहिला वेळ वर्गाचा आहे, आणि कोणतेही संकेतस्थळ त्या वेळेतून कापून करावयाचे नाही. ज्या शाळेत एकच शिक्षक आहे, तेथे हे काम आज नसले तरी चालेल. जेथे जमेल तेथे पाच चौकोनांचे एकच पान करावे व महिन्यातून एक तास देऊन दुसऱ्या चौकोनातील सूचना बदलावी. गेल्या वर्षाची सूचना मिरविणाऱ्या वीस पानांपेक्षा ह्या महिन्याची खरी तारीख सांगणारे एक पान श्रेष्ठ. आणि दारावरचा सूचनाफलक पुसून टाकावयाचा नाही. गावात राहणाऱ्या पालकासाठी तोच खरा.

तारा मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसोरी बाईंची महागडी साधने आणण्याऐवजी त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने अशा भोवतालच्या वस्तू हाती घेतल्या. पद्धती दूरदेशची होती. मांडणी मात्र आपल्या मुलांना पाहून केलेली होती. आपल्यापुढचे साधनही दूरदेशी घडले आहे. त्याच्यासोबत तयार नमुने येतील, त्यांत चकचकीत इमारती व परकी मुले असतील. ते नमुने तसेच उचलू नका. आपल्या गावचा पालक डोळ्यांसमोर ठेवून ठोकळे जुळवा.

पुढील केंद्र शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने त्या अरुंद कागदी पट्टीवर आपल्या पानाचा आराखडा काढून आणावा, अशी माझी विनंती आहे. आणण्यापूर्वी तो एका पालकाच्या हाती द्यावा व विचारावे, "ह्यात तुम्हांला हवे ते सापडते का?" त्याने जे विचारले ते पट्टीवर नसेल, तर ते लिहून मगच यावे. संगणकाचे काम आपण परिषदेत मिळून करू.